दोरा सोडण्याआधी

चवथीच्या आधी आठवडाभर पार्सेला जाऊन घर झाडायचे, हा आमचा दरवर्षीचा नेम. आई गेल्यानंतरच्या पहिल्या चवथीला ते काम माझ्या एकटीच्या वाट्याला आले. माळ्यावरची पत्र्याची पेटी मी खाली घेतली. वर दोन जुनी लुगडी, त्याखाली एक पितळी समई, आणि तळाशी पांढऱ्या पंचात बांधलेले एक गाठोडे. ते सोडले तर आत कापडाचे चौकोन. सगळे एका मापाचे, वीतभर लांब, वीतभर रुंद. आठ-आठ तुकडे एका दोऱ्यात ओवलेले, अशा दहा माळा. आईने शेवटची गोधडी कापून ठेवली होती आणि ती शिवायची राहून गेली होती.

मी काय केले असेन? जे तुम्ही केले असते तेच. दोरे कापले, तुकडे झटकून उन्हात घातले, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून रंगांप्रमाणे लावले. तांबडे एका गठ्ठ्यात, हिरवे एका गठ्ठ्यात, फुलाफुलांचे वेगळे, पांढरे वेगळे. इतके देखणे दिसत होते की मोबाईलवर फोटो काढून तो घरच्या ग्रुपवरही टाकला. दोघीतिघींनी लगेच ‘किती व्यवस्थित’ म्हणून कळवलेसुद्धा!

तेवढ्यात शेजारच्या घरातून काकी आली. तिने गठ्ठे पाहिले, एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि विचारले, “दोरे खंय गो?”

“काढून टाकले.”

“आनी गांठी? गांठी मेजल्यो गो?”

गाठी मोजायच्या असतात हे मला ठाऊकच नव्हते. काकी खाली बसली. मग तिने सांगितले ते असे. आईची प्रत्येक माळ म्हणजे गोधडीची एक आडवी ओळ. माळेच्या टोकाला गाठी असायच्या. एक गाठ म्हणजे पहिली ओळ, दोन गाठी म्हणजे दुसरी, अशा दहापर्यंत. ओळीतला पहिला तुकडा गाठीला टेकलेला, शेवटचा मोकळ्या टोकाला. म्हणजे गोधडी जवळजवळ तयारच होती. फक्त एकेक माळ उचलायची, क्रमाने तुकडे सोडवत जोडायचे आणि पुढची माळ घ्यायची. डोळ्यांना कमी दिसू लागल्यावर आईने हे सारे कुणाला तरी शिवता यावे म्हणून ओवून ठेवले होते. ते कुणीतरी म्हणजे मी. आणि मी ते ‘व्यवस्थित’ करून ठेवले.

हे सारे लिहायचे कारण केवळ पश्चात्ताप नाही. त्या संध्याकाळपासून एक गोष्ट मनात घोळते आहे. गोधडी म्हटले की आपण टाक्याचे कौतुक करतो. धावदोरा किती बारीक, किती सरळ, आजीच्या हाताची ऊब वगैरे. आता तर गोधडीवर लेख येतात, प्रदर्शने भरतात, शहरात वर्ग चालतात. पण टाका घालण्याआधीचे जे काम आहे, म्हणजे कापडे निवडणे, कापणे, मांडणे आणि ती मांडणी शिवून होईपर्यंत मोडू न देणे, त्याविषयी कोणीच बोलत नाही. माझे म्हणणे असे, की गोधडीतली खरी बुद्धी तिथे आहे. टाका हाताचा असतो, मांडणी डोक्याची. आणि ती गाठोड्यात लपलेली असल्यामुळे आपण तिला चिंध्या समजतो.

आईची पद्धत मला आता तुकड्यातुकड्याने आठवते आहे. लहानपणी मी तिच्या शेजारी बसत असे, पण लक्ष देऊन पाहिले कधीच नाही. तरी जेवढे आठवते तेवढे मांडते.

पहिली गोष्ट, कापडाची निवड. नववारी लुगडे एकसारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी ते विरते, पदराकडे आणि काठाला शाबूत राहते. आई लुगडे उजेडात धरून पाही. विरलेला भाग गोधडीच्या पोटात, कारण तिथे मऊपणा हवा. शाबूत भाग वर, कारण तिथे हात-पाय घासतात. काठ कडेला. शिंप्याकडून आणलेले नवे कातरण असले तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचे आणि मगच कापायचे. नवे सुती कापड पहिल्या धुण्याला आटते. जुने आटून झालेले असते. दोन्ही तशीच शेजारी जोडली तर पहिल्या धुण्यातच नवा तुकडा शेजाऱ्यांना ओढतो आणि गोधडी आखडते. टेरिकॉटचे तुकडे ती वेगळे ठेवी. ते सुईखाली निसटतात आणि सुती कापडाबरोबर झिजतही नाहीत.

दुसरी गोष्ट, माप. आईचे माप म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याचा एक चौकोन, आठ इंचांचा. तो ती जिवापाड जपे. मी एकदा तिला मदत म्हणून नुकताच कापलेला तुकडा खाली ठेवून त्यावरून पुढचा कापला. त्यावरून तिसरा. आईने ते पाहिले आणि तिन्ही बाजूला काढले. “माप पुठ्ठ्याचे घ्यायचे, तुकड्याचे नाही.” तेव्हा मला ती उगाच कटकट वाटली. आज कळते. तुकड्यावरून तुकडा कापला की प्रत्येक वेळी कात्री केसभर बाहेर जाते आणि दहाव्या तुकड्याला ते केस मिळून बोटभर होते. अफवेसारखेच ते. प्रत्येकाने मुळाशी जायचे, शेजाऱ्याकडून ऐकायचे नाही.

हा हिशेब किती कडक आहे ते अमेरिकन बायकांच्या पद्धतीत स्पष्ट दिसते. त्यांच्याकडे अशा जोडकामात आधी ‘ब्लॉक’ करतात आणि मग ब्लॉकला ब्लॉक जोडतात. सोप्या ब्लॉकांपैकी एक नऊ चौकोनांचा. बारा इंचांचा ब्लॉक हवा तर चौकोन साडेचार इंचांचे कापायचे आणि शिवणीत दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच सोडायचा. तीन चौकोन जोडले की साडेबारा इंच होतात. उरलेला अर्धा इंच पुढे ब्लॉक एकमेकांना जोडताना जातो. आता समजा प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी एकेक सूत कापड जास्त गेले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका शिवणीत पाव इंच कमी, एका ब्लॉकच्या दोन शिवणींत अर्धा इंच, आणि सहा ब्लॉकांच्या ओळीत तीन इंच! शेजारची ओळ बरोबर असेल तर या दोन ओळी कधीच जुळायच्या नाहीत. म्हणून ओळीगणिक तुकडे वेगळे ठेवणे, एका ओळीचे काम एका हाताने आणि एका बैठकीत करणे, याला अर्थ आहे.

तिसरी गोष्ट, दोरा. आई प्रत्येक तुकड्याच्या एकाच कोपऱ्यातून सुई काढी, वरच्या डाव्या. ही सवय आहे असे मला वाटे. काकीने सांगितले, ती खूण होती. कापडाचा उभा धागा ताणत नाही, आडवा थोडा ताणतो. चौकोन कापला की चारी बाजू सारख्या दिसतात आणि उभे-आडवे कळत नाही. सगळ्या तुकड्यांचा उभा धागा एकाच दिशेला राहिला तर गोधडी वर्षानुवर्षे सरळ राहते. तो भोकाचा कोपरा वर-डावीकडे ठेवला की झाले. लेबल नको, आकडे नकोत. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली, तिला आकडे येत होते. पण शिवताना कुठला कागद वाचायचा? हाताला लागेल अशी खूण तिला हवी होती, आणि गाठ ही अंधारातही मोजता येते.

आता कोणी म्हणेल, या सगळ्याला आज काय महत्त्व? बाजारात प्लास्टिकचे पारदर्शक डबे मिळतात, चेनच्या पिशव्या मिळतात, आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि रंगीत टाचण्या मिळतात. खरे आहे. मीही तो प्रयोग केला. आईच्या तुकड्यांची वाट लावल्यावर मी स्वतः एक छोटे दुपटे करायला घेतले. रीतसर एकेका ओळीचे तुकडे एकेका चेनच्या पिशवीत घातले, वर आकडा लिहिला आणि तुकड्यांना टाचणी लावली. हे मे महिन्यात. जूनमध्ये पाऊस लागला, काम राहिले. ऑगस्टमध्ये पिशव्या उघडल्या तेव्हा आत कुबट वास, तीन तुकड्यांवर काळ्या बुरशीचे ठिपके आणि जिथे जिथे टाचणी होती तिथे तिथे गंजाचा तांबूस डाग. बुरशी उन्हाने थोडी गेली. गंज गेला नाही.

आमच्या पेडण्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिंतीला ओल असते. तिथे लोखंडाची टाचणी नको, सुती दोरा हवा, कारण दोरा गंजत नाही. बंद पिशवी नको, धुतलेला पंचा हवा, कारण त्यातून हवा खेळते. वैशाखात कापून ओवायचे, कडक उन्हात एक दिवस द्यायचे आणि माळ्यावर चुलीच्या बाजूला ठेवायचे. तिथे ओल कमी. आईने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. पण तिची पद्धत या मातीतल्या हवेला उत्तर होती, आणि माझ्या पिशव्या दुसऱ्याच कुठल्या कोरड्या देशाला. परक्या वस्तूंना माझा विरोध नाही. माझा आक्षेप एवढाच, की आपल्याकडे काही पद्धतच नव्हती असे समजून आपण त्या विकत आणतो.

‘गोधडी म्हणजे काय, मिळेल ती चिंधी जोडली,’ असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. त्यांना मला उत्तर कन्नडकडे न्यायचे आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणलेले होते आणि ते घाटातल्या रानात निसटून गेले. त्यांची बोली आजही कोंकणीच्या जवळची आहे. त्यांच्या बायका ‘कवंदी’ करतात. तीही जुन्या कपड्यांची गोधडीच, पण तिची रीत अगदी उलट. आधी ब्लॉक नाहीत, माळा नाहीत, नकाशा नाही. खाली एक पूर्ण कापड अंथरायचे, कडेपासून सुरुवात करायची, तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, धावदोरा घालायचा, लगेच पुढचा तुकडा. असे चारी कडांनी फिरत मध्यापर्यंत यायचे. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलां’ लावायची. ती नसली तर कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, हाताला येईल ते लावले. पण तिथेही क्रम आहे. तो गाठोड्यात नाही, हाताच्या चालीत आहे. तुकडे नीट ठेवण्याचा त्यांचा उपाय म्हणजे ते साठवूच द्यायचे नाहीत, कापला की शिवला! म्हणजे मांडणी आधी करून जपणारी माझी आई आणि मांडणी चालता चालता करणारी सिद्दी बाई, दोघींकडे व्यवस्था होती. नव्हती ती फक्त माझ्याकडे.

या मांडणीत एवढे काय अडले आहे, याचे सगळ्यात मोठे उदाहरण मला अमेरिकेत सापडते. तिथे 1987 साली एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक गोधडी सुरू झाली. एकेका माणसासाठी तीन फूट रुंद, सहा फूट लांब कापड, साधारण थडग्याच्या मापाचे. घरच्यांनी, मित्रांनी शिवलेले. असे आठ तुकडे मिळून बारा फुटांचा एक चौरस ब्लॉक. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनला ती प्रथम अंथरली तेव्हा तिच्यात 1,920 तुकडे होते. आज सुमारे पन्नास हजार आहेत. ही गोधडी चालते कशावर? टाक्यावर नाही, ब्लॉकच्या क्रमांकावर. कुणा आईला आपल्या मुलाचा तुकडा पाहायचा असेल तर नाव शोधायचे, ब्लॉकचा क्रमांक मिळतो, आणि त्या ढिगातून तो नेमका काढता येतो. क्रमांक पुसले तर कापड सगळे शिल्लक राहील, पण माणसे हरवतील.

आईच्या दहा माळांत नावे नव्हती, पण माणसे होती. काकीने एकेक तुकडा हातात घेऊन सांगायला सुरुवात केली तेव्हा कळले. हे आजीचे लुगडे, हा पहिल्या ओळीत असणार, कारण वरची ओळ ती नेहमी थोरल्यांची घेई. हा तुझ्या वडिलांचा सदरा. हे तुझ्या बारशाचे झबले. हे तुझ्या भावाच्या शाळेच्या गणवेशाचे. काकीच्या आठवणीवरून आणि कापडांच्या तर्कावरून आम्ही दोघींनी तीन ओळी परत लावल्या. पहिली, दुसरी आणि शेवटची. मधल्या सात ओळींत छप्पन्न तुकडे. तिथे काकीही थांबली. “हे तिका खबर,” म्हणाली.

त्या रात्री मी मोबाईलवरचा फोटो पुन्हा पाहिला. रंगांप्रमाणे लावलेल्या गठ्ठ्यांचा होता. माळांचा फोटो मी काढलाच नव्हता.

कोणी समजूत घालील, की शिवताना आईने स्वतःच दोनचार तुकडे इकडचे तिकडे केले असते. केले असते, मान्य. पण तो बदल तिचा असता. मी केला तो बदल नव्हता. मी तिचे बोलणे मध्येच तोडले आणि तोडले हे मला कळलेही नाही. आणि हे गोधडीपुरते नाही. थोरले माणूस गेले की आपण त्याचे कपाट ‘आवरतो’. भजनाच्या वह्या आकारानुसार रचतो, बियाणाच्या पुड्या एका डब्यात ओततो. आवरण्याआधी तिथे आधीच एखादी व्यवस्था आहे का, हे विचारत नाही. कारण ती व्यवस्था आपल्यासारखी दिसत नाही. विशेषतः ती एखाद्या चौथी शिकलेल्या बाईची असेल तर आपल्या मनातही येत नाही.

असो. ती गोधडी मी गेल्या हिवाळ्यात पुरी केली. पाच फूट रुंद, सव्वासहा फूट लांब. पहिल्या दोन ओळी आणि शेवटची ओळ आईची. मधल्या सात माझ्या. त्या जमेल तशा लावल्या, भोकाचा कोपरा मात्र सगळीकडे वर-डावीकडे ठेवला. आईच्या आणि माझ्या ओळींच्या मध्ये मी मुद्दाम पांढऱ्या दोऱ्याऐवजी तांबडा दोरा वापरला आहे. पुढे कुणी पाहिले तर त्याला कळावे, कुठपर्यंत तिची आहे आणि कुठून माझी.

आता मी नवी कापली की आधी जमिनीवर मांडते, फोटो काढते, आणि मग ओळीओळीने सुती दोऱ्यात ओवते. फोटो माझ्या काळाचा, गाठी आईच्या काळातल्या. दोन्ही लागतात. मोबाईल बिघडतो, आणि गाठी कोणीतरी कापतो.

तुमच्या घरी माळ्यावर, पेटीत असे एखादे गाठोडे असेल तर माझी एक विनंती. या चवथीला ते उघडा, जरूर उघडा. पण दोरा सोडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा आणि तिच्यासमोर गाठी मोजा.